लिनक्सचे ७०० रुपये

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या वाचकपत्रांत एका गृहस्थांची तक्रार छापून आली. मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स (विंडोजच्या जागी संगणक चालवणारी सिस्टीम) टाकून द्यायचे दुकानदारानं ६०० रुपये घेतले. घरी येऊन पाहिलं तर तेच लिनक्स इंटरनेटवर फुकट मिळतं. तेव्हा ही उघड लूट आहे, असा पत्राचा सूर. दुकानाचं नाव पत्रात नव्हतं. ते दुकान माझं नव्हे, एवढं मी छातीठोकपणे सांगू शकतो, कारण मी ७०० घेतो.

सांगलीत हरभट रोडजवळच्या एका बोळात मी २४ वर्षं संगणकदुरुस्ती करतोय. दुकान म्हणजे दोन टेबलं, एक सोल्डरिंगची जागा आणि गिऱ्हाइकांसाठी एक बाक. त्या बाकावर बसून हाच प्रश्न मला निदान शंभर जणांनी विचारला असेल. प्रत्येकाला मी तुकड्यातुकड्यांत उत्तर दिलं. आज सलग देतो. पत्र लांबलं तर कात्री लावायचा हक्क आपला आहेच.

आधी ७०० रुपयांचा हिशेब. लॅपटॉप येतो तो बहुतेक दहाएक वर्षांचा, ४ जीबी रॅमचा, उघडायला पाच मिनिटं घेणारा. गिऱ्हाईक म्हणतं, ‘आत काही नाही, उडवा सगळं.’ मी उडवत नाही. आत बघितलं की ‘न्यू फोल्डर ३’ मध्ये मुलीची दहावीची मार्कशीट निघते, बहिणीच्या लग्नाचे फोटो निघतात, सातबाराचं स्कॅन निघतं. ते सगळं आधी बाहेर काढून ठेवायचं. मग हार्ड डिस्कची तब्येत बघायची, कारण मरायला टेकलेल्या डिस्कवर कुठलीही सिस्टीम टाकली तरी महिन्याभरात तो माणूस माझ्याच नावानं खडे फोडणार. त्यानंतर खुद्द लिनक्स टाकायला लागतात वीस मिनिटं. तक्रार करणाऱ्या वाचकांना दिसली असतील ती ही वीस मिनिटं.

पुढची खरी कटकट. काही लॅपटॉपांच्या वायफायचं फर्मवेअर, म्हणजे ती चिप चालवणारा प्रोग्रॅम, त्या चिप बनवणाऱ्याच्या मालकीचं असतं. मोफत सीडीत ते येत नाही. वायफाय चालू करायला इंटरनेट लागतं आणि इंटरनेटसाठी वायफाय. मग माझा फोन वायरनं जोडून ते उतरवायचं. मग प्रिंटर. झेरॉक्सच्या दुकानांत सर्रास दिसणारा एक छोटा लेझर प्रिंटर आहे, त्याला लिनक्सवर बोलतं करायला माझी अख्खी दुपार गेलेली आहे. मग मराठी. कुणाला इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मराठी मांडणी येते, कुणाला ‘एन ए एम दाबलं की नम उमटायला हवं’ असतं, आणि कुणाची वीस वर्षांची पत्रं जुन्या श्रीलिपीच्या फाँटात असतात, ती नव्या मशीनवर उघडली की पडद्यावर नुसती किडामुंगी दिसते. ती युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येईल अशा रूपात, आणून द्यायची. आणि हे झाल्यावर सहा महिने फोन: ‘अहो, ती खालची पट्टी कुठं गेली?’ फोनचे पैसे मी अजून लावलेले नाहीत.

कृष्णेचं पाणी फुकट आहे. नदी कुणाला बिल पाठवत नाही. तरी नळपट्टी येतेच की नाही? पंप, पाइप, तुरटी, रात्री व्हॉल्व्ह फिरवणारा माणूस, यांची ती पट्टी असते. लिनक्सचंही तसंच, असं मी बाकावरच्या माणसाला सांगतो. बहुतेकांना पटतं. एकानं मात्र उलट विचारलं, ‘पण तुम्ही नदीवर कुंपण घातलं तर?’ तो प्रश्न मला आवडला होता. त्याच्याकडे पुढं येतो.

गोंधळाचं मूळ शब्दात आहे. इंग्रजीत ‘फ्री’ हा एकच शब्द, त्यात फुकटही बसतं आणि मोकळंही. आपल्याकडे ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ असे दोन वेगळे शब्द आयते असताना आपण भाषांतर केलं ते ‘फुकट’. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाची घोषणा केली, त्याच्या पुढच्या काळात ते स्वतः आपला इमॅक्स हा एडिटर टेपवर भरून विकायचे. एका टेपला १५० डॉलर. मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू करणारा माणूस टेप विकून पोट भरत होता, त्यात त्याला काही विसंगत वाटत नव्हतं. टेप घेणाऱ्यानं पुढं तिच्या दहा प्रती काढून वाटल्या तरी त्याची ना नव्हती. लिनक्सचा गाभा ज्या परवान्याखाली येतो त्या जीपीएलच्या १९९१ च्या दुसऱ्या आवृत्तीत तर स्वच्छ लिहिलंय की प्रत हातात पोचवण्याच्या कामाचे पैसे घेता येतील, आणि वाटल्यास पैसे घेऊन हमीही देता येईल. बंदी आहे ती वेगळ्याच गोष्टीला: घेणाऱ्याचे हक्क काढून घ्यायला. मी ७०० घेऊन लिनक्स दिलं की गिऱ्हाइकाला ते शेजाऱ्याला फुकट द्यायचा पूर्ण अधिकार असतो. देतातही. शेजारी मग प्रिंटर चालत नाही म्हणून माझ्याकडेच येतो.

मी स्वतः पहिलं लिनक्स विकत घेतलं होतं. तेव्हा पीसीक्वेस्टसारख्या मासिकांबरोबर लिनक्सची सीडी यायची. अंक घेतला तो सीडीसाठी. मजकूर नंतर वाचला. आमच्याकडे टेलिफोनच्या लाइनवरचं डायल-अप इंटरनेट होतं, ५६ केबीपीएसचं, कागदावर. ६५० एमबीची एक सीडी त्यावरून उतरवायची तर लाइन एकदाही न तुटता पूर्ण वेगानं २७ तास लागले असते, आणि टेलिफोनचं बिल बघून वडिलांनी मलाच बोळात उतरवलं असतं. तेव्हा लिनक्स ‘फुकट’ होतं आणि तरी मासिकाचे पैसे मोजून ते घेणं हाच स्वस्तातला मार्ग होता.

नंतर २००४ च्या ऑक्टोबरात उबुंटू नावाचं लिनक्स आलं आणि एक चमत्कारिक प्रकार सुरू झाला. वेबसाइटवर नाव-पत्ता भरला की सीडी टपालानं घरी. टपालखर्चही त्यांचाच. मी मागवल्या, मित्रांच्या नावांवर मागवल्या. परदेशी पाकीट घेऊन पोस्टमन आला तेव्हा आमच्या आईनं ‘नोकरीचा कॉल आला का?’ विचारलं होतं. त्या सीड्यांची एक पेटी मी २०१९ च्या ऑगस्टपर्यंत जपून ठेवली होती. त्या महापुरात दुकानात पाणी शिरलं, मशीन्स आम्ही वरच्या मजल्यावर नेली, पेटी राहिली. चिखलातून बाहेर काढली तेव्हा सीड्या एकमेकींना चिकटून गेल्या होत्या.

त्या सीड्या तरी फुकट होत्या का? मार्क शटलवर्थ या दक्षिण आफ्रिकी माणसानं थॉट ही आपली कंपनी १९९९ मध्ये व्हेरीसाइनला सुमारे ५७.५ कोटी डॉलरना विकली होती. त्या पैशातून तो २००२ मध्ये अंतराळात जाऊन आला आणि त्याच पैशातून आमच्या बोळात पाकिटं आली. २०११ मध्ये ती योजना बंद झाली. एवढ्या सीड्यांचा भार कायमचा कुणी सोसावा? आज त्याच उबुंटूचा ‘प्रो’ नावाचा पैशाचा प्रकार आहे. साध्या दीर्घकालीन आवृत्तीला ५ वर्षं सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात, प्रोमध्ये १० वर्षं आणि जास्त प्रोग्रॅमांना. घरगुती माणसाला ५ मशीनपर्यंत तेही विनामूल्य. कंपन्यांनी मात्र पैसे भरायचे. मला यात काही गैर दिसत नाही. माझ्या दोन गिऱ्हाइकांकडे मी ते चालू करून दिलंय, एक पैसा न देता.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला घेतलं, ती. (सही नावानं करत नाही, त्याचं कारणही हीच गोष्ट.)

जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेचा सर्व्हर मी बघतो. २०२० च्या सुरुवातीला त्यावर मी सेंटओएस ८ टाकलं. ज्यांना हे नाव नवीन आहे त्यांच्यासाठी: रेड हॅट ही अमेरिकी कंपनी आधी सगळ्यांसाठी एकच लिनक्स काढायची. २००३ मध्ये तिनं ते थांबवलं आणि दोन वाटा केल्या. फेडोरा सगळ्यांसाठी, भराभर बदलणारं, फुकट. आणि रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स कंपन्यांसाठी, वर्षानुवर्षं स्थिर राहणारं, वार्षिक वर्गणीचं. पण त्या महागाच्या सिस्टीमचा सोर्स कोडही, म्हणजे ती ज्यातून बनते तो मूळ मजकूरही, उघडाच होता. मग काही मंडळींनी २००४ पासून तो कोड घ्यायचा, त्यावरचं कंपनीचं नाव आणि लाल टोपी काढायची, पुन्हा बांधायचा आणि फुकट वाटायचा, असं सुरू केलं. ते सेंटओएस. आतला माल तोच, फक्त फोन करायला पलीकडे कुणी नाही. जगभर ते चाललं. २०१४ मध्ये रेड हॅटनंच या प्रकल्पाला आपल्या पंखाखाली घेतलं, आणि आम्हा लोकांना वाटलं, आता तर काय, दुधात साखर.

सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळतील असं जाहीर झालेलं होतं. मी संचालक मंडळापुढं तेच सांगितलं: ‘वर्गणीवाली सिस्टीम आणि ही, दोन्ही एकच. हिला पैसे नाहीत. २०२९ पर्यंत बघायला नको.’ टाळ्या पडल्या नाहीत, पण चहाबरोबर बाकरवडी आली.

८ डिसेंबर २०२० ला घोषणा झाली: सेंटओएस ८ चा शेवट ३१ डिसेंबर २०२१. सात वर्षांहून जास्त काळ एका परिच्छेदात गेला. गंमत म्हणजे आधीचं सेंटओएस ७ मात्र ठरल्याप्रमाणे २०२४ च्या जूनपर्यंत चालणार होतं. म्हणजे ज्यांनी आळस करून जुनं ठेवलं ते सुखात आणि माझ्यासारखे उत्साही लोक उघड्यावर.

जानेवारीच्या सभेत मी हे सांगितलं. संचालकांत एक वयस्कर गृहस्थ आहेत, बँकेतून निवृत्त झालेले. सगळे त्यांना आबा म्हणतात. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं:

‘त्या लोकांना आपण वर्षाला किती देत होतो?’

‘काही नाही, आबा.’

‘मग दहा वर्षांचा शब्द त्यांनी कुठल्या कागदावर दिला होता?’

‘कागदावर नाही. वेबसाइटवर लिहिलेलं होतं.’

आबांनी चष्मा काढून पुसला. ‘अरे, जामीनदाराशिवाय आपण पन्नास हजार तरी देतो का कुणाला? इथं तू सगळी संस्था दिलीस.’

मला उत्तर सुचलं नाही. दोष कंपनीचा, असं मी तेव्हा म्हणालो नाही आणि आजही म्हणत नाही. तिनं माझ्याकडून काही घेतलं नव्हतं. पतसंस्थेला शब्द दिला होता तो मी, आणि तो दुसऱ्याच्या जिवावर दिला होता. ‘फुकटची’ आणि ‘पैशाची’ सिस्टीम एकच आहे, हे माझं वाक्य कोडच्या बाबतीत शंभर टक्के खरं होतं. जामिनाच्या बाबतीत ते खोटं होतं. वर्गणी भरणारे लोक कोडचे पैसे देतच नाहीत. ते जामीनदाराचे पैसे देतात. अमुक वर्षांपर्यंत दुरुस्त्या येतील, अमुक डेटाबेस आणि अमुक सर्व्हर यांच्याबरोबर ती तपासलेली असेल, रात्री दोनला फोन केला तर पलीकडे माणूस असेल, आणि यातलं काही नाही झालं तर भांडायला हातात करार असेल. हे आबांना दोन मिनिटांत कळलं. मला वीस वर्षं धंदा करून कळलं नव्हतं.

पुढं काय झालं ते थोडक्यात. वर्गणीचे आकडे डॉलरमध्ये बघून मंडळानं मान हलवली. दरम्यान दोन नवी फुकट लिनक्सं उभी राहिली. ३० मार्च २०२१ ला अल्मालिनक्स आलं आणि जूनमध्ये रॉकी लिनक्स. हे दुसरं काढलं सेंटओएसच्याच संस्थापकांपैकी ग्रेगरी कर्ट्झर यांनी, आणि नाव दिलं आपल्या दिवंगत सहकाऱ्याचं. आम्ही अल्मा घेतलं. चालू सेंटओएसचं जागच्या जागी अल्मा करून देणारी एक छोटी स्क्रिप्ट आहे. शनिवारी रात्री दोन बॅकअप घेतले, एक संस्थेच्या तिजोरीत ठेवला, एक माझ्या पिशवीत, आणि स्क्रिप्ट चालवली. ती चालू असताना मी आणि शिपाई दोघंच ऑफिसात होतो. त्यानं विचारलं, ‘साहेब, घाम का येतोय? पंखा आहे की.’ रविवारी पहाटे सर्व्हर उठला. सोमवारी पिग्मी एजंट नेहमीसारखे आले, कुणाला काही कळलंही नाही.

त्याच वेळी आबांनीच एक ठराव मांडला: या अल्मावाल्यांना संस्थेनं वर्षाला ५,००० रुपये द्यावेत. सगळ्यांना मान्य. लेखापरीक्षकांनी अडवला. बिल नाही, पावती नाही, जीएसटी क्रमांक नाही, परदेशात पैसे पाठवायचे, आणि जी वस्तू फुकट मिळते तिचे पैसे संस्थेनं का द्यावेत? नियमानं त्यांचं बरोबर होतं. ठराव बारगळला. त्याऐवजी सर्व्हरच्या देखभालीचा वार्षिक करार माझ्याशी झाला, रीतसर, मुद्रांकावर, १८,००० रुपयांचा. आता त्या कागदावर जामीनदार म्हणून मी आहे. पूर्वी मी हे काम ओळखीखातर, चहावर करायचो.

म्हणून मला कुणी ‘कुठलं घेऊ, फुकटचं की पैशाचं?’ असं विचारलं की मी आता आबांचा प्रश्न विचारतो. बंद पडलं तर कुणाचं दार वाजवणार? घरच्या लॅपटॉपला माझं दार पुरे. एका हॉस्पिटलनं विचारलं तेव्हा मी सरळ सांगितलं, वर्गणी भरा. तिथं माझं दार पुरणार नाही. मी रात्री दोनला झोपलेला असतो.

आता कुंपणाच्या प्रश्नाकडे. जून २०२३ मध्ये रेड हॅटनं आणखी एक पाऊल टाकलं. आपल्या वर्गणीच्या लिनक्सचा नेमका सोर्स कोड सगळ्या जगापुढं ठेवणं बंद करून तो ग्राहकांपुरता केला. बाहेरच्यांसाठी सेंटओएस स्ट्रीम नावाचा, त्या आवृत्तीच्या जरा पुढं वाहणारा प्रवाह तेवढा उघडा. परवान्याप्रमाणे ज्याला प्रोग्रॅम दिला त्याला कोड द्यायचा असतो, तो ते देतात. ग्राहकानं तो कोड पुढं वाटला तर? परवाना म्हणतो वाटू शकतोस. वर्गणीच्या अटींप्रमाणे मात्र त्याची पुढची वर्गणी धोक्यात येऊ शकते. कायद्यानं यात चूक काढता येत नसेलही. पण नळपट्टी घेणं वेगळं आणि नदीकडे जाणाऱ्या वाटेवर पाटी लावणं वेगळं. मला हे पाऊल आवडलेलं नाही, आणि पैसे घेण्याचं मी आत्तापर्यंत एवढं समर्थन केलंय म्हणूनच हे इथं लिहून ठेवतो.

न्यायाचं मात्र बोललं पाहिजे. याच कंपनीचं मोठं काम पुण्यात चालतं, आणि लिनक्सवर मराठी नीट दिसायला ज्या लोहित फाँटांनी पहिली काही वर्षं तारलं, ते तिनंच मोकळे केलेले आहेत. मूळ फाँट मॉड्युलर इन्फोटेक या पुण्याच्याच कंपनीचे, म्हणजे श्रीलिपीवाल्यांचे. आधी जीपीएल आणि २०११ पासून खुला फाँट परवाना. लोहित म्हणजे लाल, टोपीचा रंग. वर्गणी भरणाऱ्या कुठल्याशा परदेशी बँकेच्या पैशातून माझ्या गिऱ्हाइकाच्या जोडाक्षरातला ‘र’ जागेवर बसला, असं मी मानतो. रफार चुकलेली लग्नपत्रिका ज्यानं कधी छापून आणलीय त्याला याची किंमत कळेल.

घरगुती लोकांसाठीही पैशाची लिनक्सं आहेत. डब्लिनच्या झोरिनचं ‘कोअर’ फुकट आणि ‘प्रो’ विकत. एक निवृत्त शिक्षक विचारायला आले, प्रोमध्ये जास्त काय? मी सांगितलं: पडद्याची आणखी काही रूपं, काही आधीच भरलेले प्रोग्रॅम आणि बसवताना अडलं तर मदत. ती मदत मी इथंच देतो, तुम्ही कोअर घ्या. घेतलं. एलिमेंटरी नावाचं एक लिनक्स आहे, ते उतरवताना विचारतं, किती द्याल? चौकटीत शून्य टाकलं तरी चालतं. मी शून्य टाकलंय. दोनदा. तिसऱ्यांदा तो शून्य टाकायला हात धजावला नाही, तेव्हा मी ते पानच बंद केलं. हे काही शूरपणाचं नाही, पण लिहायला बसलोय तर खरं लिहावं.

आणि एक बोलायचंच राहिलं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० च्या नेहमीच्या सुरक्षा-दुरुस्त्यांची मुदत संपली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, ठरावीक नवे प्रोसेसर लागतात. चांगले चालते लॅपटॉप तिथं अडले. त्यामुळे माझ्याकडे गर्दी वाढली आहे. पण बाजारात आजही ३०० रुपयांत ‘फुल व्हर्जन’ विंडोज टाकून मिळतं, ॲक्टिव्हेशन तोडलेलं. २०१२ पर्यंत मीही ते करत होतो. त्याबद्दल आजवर कुठल्याही वर्तमानपत्रात ‘लूट’ म्हणून पत्र आलेलं माझ्या वाचनात नाही. चोरीच्या मालाची मजुरी कुणाला टोचत नाही. हक्काच्या मालाची टोचते.

शाळांचंही तेच. सी-डॅक या सरकारी संस्थेनं बनवलेलं बॉस लिनक्स २००७ पासून आहे, फुकट. ते घालून आलेले दहा संगणक मी एका शाळेत प्लॅस्टिकच्या आवरणासकट पाहिलेत, कारण सरांना ते चालवायला कुणी शिकवलंच नव्हतं. केरळनं शाळांत लिनक्स रुजवलं ते शिक्षकांना बसवून शिकवून. सीडी फुकट होती, शिकवणं नव्हतं. आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरिअल तर मराठीतही आहेत, लिनक्सपासून लिबरऑफिसपर्यंत, आणि त्यांचा खर्च तुमच्या-माझ्या करातूनच निघालेला आहे. म्हणजे पैसे भरून झालेत. निदान ते बघून तरी घ्या.

कुणी पैसे न देता चाललेल्या कामाचं काय होतं, हे २०२४ च्या मार्चमध्ये जवळून दिसलं. एक्सझेड नावाची फायली दाबून लहान करणारी एक लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅमांनी वापरायचा तयार कोड, आहे, जवळजवळ प्रत्येक लिनक्समध्ये असते. ती वर्षानुवर्षं एकटा माणूस फावल्या वेळात सांभाळत होता, थकलेला. मदतनीस म्हणून कुणीतरी आला, दोनेक वर्षं गोड वागला आणि शेवटी त्यानं तिच्यात चोरदार बसवलं. मायक्रोसॉफ्टमध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणाऱ्या आन्द्रेस फ्रॉइंड यांना आपल्या मशीनवर लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय याची खाज सुटली, म्हणून ते सापडलं. तेव्हा ते डेबियन आणि फेडोरा या लिनक्सांच्या चाचणीतल्या आवृत्त्यांपर्यंतच पोचलं होतं. पतसंस्थेच्या सर्व्हरवर नव्हतं. मी त्या रात्री जाऊन पाहून आलो. करारात होतं ते.

तक्रार करणाऱ्या वाचकांना माझं सांगणं इतकंच की त्या दुकानदारानं फोटो जपले नसतील, वायफाय अर्धवट सोडलं असेल किंवा ‘लिनक्सचं लायसन’ म्हणून पावती फाडली असेल, तर अवश्य भांडा. मी तुमच्या बाजूनं येतो. नाहीतर पुढच्या वेळी स्वतः करून बघा. माझ्या दुकानात या, लिनक्स मिंट भरलेला पेनड्राइव्ह मी देतो, त्याचे पैसे नाहीत. कुठली कळ दाबून त्यावरून मशीन सुरू करायचं तेही कागदावर लिहून देईन. पेनड्राइव्ह तेवढा परत आणून द्या. गेल्या दोन महिन्यांत तीन गेले.

आपला,
एक संगणकदुरुस्तीवाला, सांगली
(नाव-पत्ता संपादकांस कळवला आहे, कृपया छापू नये. आबा रोज पेपर वाचतात.)